थडग्यातली फुलं: कुणी वाहिली, कुणी आणली?

रानजाई

माणूस मृताला फुलं कधीपासून वाहतो, असं कुठेही विचारा, एकच उत्तर येतं: इराकमधल्या शनिदर गुहेतल्या निअँडरथलांपासून, म्हणजे आपल्या आधीच्या, आता नामशेष झालेल्या मानवजातीपासून. लेखांत, भाषणांत, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात हे इतक्या खात्रीनं सांगतात की त्यामागचा पुरावा बघायची गरजच कुणाला वाटत नाही. वनस्पती आणि पुरातत्त्व हे दोन्ही माझ्या जिव्हाळ्याचे विषय आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शनिदर इराकी कुर्दिस्तानात, ब्रादोस्त डोंगरात आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांनी १९५१ ते १९६० या काळात तिथे उत्खनन केलं. त्यांना मिळालेल्या हाडांतून पुढे दहा निअँडरथल व्यक्ती ओळखता आल्या. त्यातला 'शनिदर ४' हा प्रौढ पुरुष १९६० मध्ये सापडला. त्याच्याभोवतीची माती पॅरिसला परागतज्ज्ञ आर्लेत लेरुआ-गुराँ यांच्याकडे गेली. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना काही परागकण गठ्ठ्यानं चिकटलेले दिसले. यॅरो, पिवळी काटेरी सेंटॉरिया, सेनेसिओ, मस्करी नावाचं कंदफूल, हॉलीहॉकच्या जवळची एक जात आणि इफेड्रा, अशी ती ओळख पटली. वाऱ्यानं आलेले पराग विखुरलेले असायला हवेत. गठ्ठे आहेत म्हणजे अख्खी फुलं आत आली, आणि ती माणसांनीच आणली, असा निष्कर्ष निघाला. १९७५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात या दोघांचे लेख आले. तोवर निअँडरथल म्हणजे अर्धवट जनावर अशीच समजूत होती. त्याच्या हातात एकदम फुलं आली आणि जगाला ते चित्र आवडलं. मलाही आवडतं, आणि म्हणूनच ते तपासून घ्यावंसं वाटतं.

१९९९ मध्ये जेफ्री सोमर यांनी एक साधी गोष्ट पुढे आणली. सांगाड्यांच्या आसपास बिळं होती आणि गुहेत इराणी जर्ड या उंदरासारख्या प्राण्याची हाडंही मिळाली होती. हा प्राणी बिया आणि फुलांची बोंडं बिळात साठवून ठेवतो. म्हणजे फुलं आत येण्याची दुसरी वाट आधीपासूनच तिथे होती.

गेल्या दशकात केंब्रिजच्या ग्रेम बार्कर यांच्या नेतृत्वाखाली त्याच गुहेत पुन्हा काम सुरू झालं. २०१८ मध्ये जुन्या जागेला लागूनच आणखी एका निअँडरथलचा वरचा अर्धा भाग मिळाला, तो 'शनिदर झेड'. २०२३ मध्ये याच गटातले लिव्हरपूलचे ख्रिस हंट आणि सहकाऱ्यांनी परागांचा प्रश्न नव्यानं तपासला. त्यांचं म्हणणं असं: एकेका गठ्ठ्यात एकाहून जास्त जातींचे पराग आहेत. एका फुलाच्या परागकोशातून असं मिश्रण येत नाही. शिवाय या सगळ्या वनस्पती एकाच वेळी फुलत नाहीत. मात्र जमिनीत घरटं करणारी, पोळ्याऐवजी एकटी राहणारी मधमाशी वेगवेगळ्या फुलांवरून पराग गोळा करून मातीत नेते, आणि तशा माश्यांची बिळं गुहेतल्या मातीत दिसतात.

माझं मत स्पष्ट सांगते. शनिदर ४ च्या फुलांवर आता भिस्त ठेवता येत नाही. पण म्हणून विषय संपत नाही, उलट इथून तो जास्त रंगतो. कारण याच वादामुळे आपल्याला नेमकं काय मागायचं ते कळलं: हे फूल माणसाशिवाय आणखी कोणत्या वाटेनं इथे येऊ शकलं असतं?

या कसोटीला उतरणारं माझं सर्वांत आवडतं उदाहरण इस्रायलमधल्या कार्मेल डोंगरातल्या रकेफेत गुहेतलं आहे. हे लोक नातुफी संस्कृतीचे, शेती सुरू व्हायच्या उंबरठ्यावरचे. काळ साधारण १३,७०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा. हैफा विद्यापीठाचे दानी नादेल यांच्या चमूनं २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तिथल्या चार थडग्यांत खड्ड्याच्या आतून ओल्या मातीचा पातळ लेप दिलेला होता आणि त्या लेपात देठांचे आणि फुलांचे ठसे उमटले होते. त्यात साल्व्हिया, म्हणजे सेजची एक जात ओळखता आली. लेप ओला असतानाच ठसा उमटतो, त्यामुळे उंदीर किंवा माशी नंतर काही आणेल हा प्रश्नच मिटतो. मला यातला सर्वांत भक्कम भाग वेगळाच वाटतो. गुहेत दगडी हत्यारं आणि हाडांचे तुकडे भरपूर पडलेले, पण लेपात त्यांचे ठसे नाहीत. म्हणजे हिरवा थर इतका जाड होता की खाली दुसरं काही टेकलंच नाही. कुणीतरी भारा भरून फुलं-पानं आणली होती.

इथल्या मंडळींना आणखी उदाहरणं माहीत असतील तर जरूर लिहा. आपल्याकडच्या उत्खननांबद्दल तर विशेष.

मालविका_ना

रानजाईताई, फार सुंदर लिहिलंय. एक गोष्ट मात्र जोडते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की फुलं गेली म्हणजे निअँडरथलांची माणुसकीही गेली.

त्याच गुहेतला 'शनिदर १' बघा. डाव्या डोळ्याजवळ जबर मार बसून हाड खचलेलं, उजवा हात कोपराच्या खाली नाहीसा झालेला, पायातही दोष. कानाच्या नळीत हाड वाढल्यानं बहुधा ऐकूही कमी येत असावं. जखमा जुन्या, भरून आलेल्या. इतकं सोसून हा माणूस चाळिशीच्या आसपास पोचला. शिकारीवर जगणाऱ्या टोळीत हे एकट्याच्या बळावर होत नाही. वर्षानुवर्षं कुणीतरी त्याला घास दिला, कुणीतरी त्याच्यासाठी चाल धीमी केली. हा पुरावा हाडांतच आहे, तिथे माशीचा संबंध येत नाही.

शिवाय शनिदर ४, झेड आणि आणखी काहींचे अवशेष एकाच कोपऱ्यात, एका मोठ्या दगडाजवळ मिळाले. त्या जागी पुन्हा पुन्हा येणं, हेसुद्धा काही सांगतंच ना?

रानजाई

मालविका, अगदी पटलं. जागेचा मुद्दा मलाही महत्त्वाचा वाटतो. झेडच्या बाबतीत नव्या चमूनं मातीचे सूक्ष्म छेद काढून तपासले आणि शरीर मुद्दाम केलेल्या खोलगटात ठेवलं असावं असं मांडलं. दफनाचा पुरावा आणि फुलांचा पुरावा वेगवेगळा तोलायला हवा. एक हलका निघाला म्हणून दुसरा हलका होत नाही.

परागदर्शी

माझं काम परागांचंच आहे, म्हणून प्रयोगशाळेच्या बाजूनं थोडं लिहितो. हे कळलं की वर जे वाद चाललेत ते सोपे होतात.

परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं. वनस्पतीच्या शरीरातला हा सर्वांत चिवट पदार्थ. आम्ही मातीचा नमुना आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतो, म्हणजे चुना जातो. मग हायड्रोफ्लुओरिक आम्लात, म्हणजे वाळू विरघळते. मग आणखी एका प्रक्रियेनं सेल्युलोज काढून टाकतो. एवढ्या छळातून जे उरतं ते पराग. हजारो वर्षं तो टिकतो तो याच बळावर. मात्र त्याचा एक शत्रू आहे: हवा खेळणारी, अल्कधर्मी, आळीपाळीनं भिजणारी आणि वाळणारी माती. तिथे बुरशी आणि ऑक्सिजन मिळून कवच खाऊन टाकतात. आम्लधर्मी, चिंब, हवाबंद जागेत पराग उत्तम टिकतो. दलदल, तळ्याचा गाळ, ओली शवपेटी या त्याच्या हक्काच्या जागा.

आता थडग्याकडे येऊ. गवत, पाइन, हेझल ही झाडं वाऱ्यावर पराग सोडतात, ढिगानं. ते पराग थडग्यात सापडले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, ते सगळीकडेच असतात. कीटकांवर अवलंबून असलेली फुलं मात्र थोडे, जड, चिकट पराग करतात आणि ते फारसे उडत नाहीत. अशा फुलाचे पराग थडग्यात भरपूर आणि बाहेरच्या मातीत जवळजवळ नाहीत असं दिसलं, तर कान टवकारायचे. थोडक्यात, थडग्यातल्या नमुन्याला थडग्याबाहेरच्या, त्याच थरातल्या नमुन्याची जोड नसेल तर तो जवळपास निरुपयोगी आहे. कवटीखालचा, पोटाजवळचा, पायापाशीचा, खड्ड्याच्या भिंतीचा, सगळे वेगवेगळे घ्यावे लागतात.

आणखी एक. परागावरून नेहमी जात ओळखता येत नाही. सूर्यफुलाच्या कुळात तर आम्ही बहुतेक वेळा 'अमुक गटातला' एवढंच म्हणतो. शनिदरच्या यादीतला यॅरो आणि सेनेसिओ याच कुळातले आहेत. त्यामुळे परागाच्या आधारे 'औषधी फुलांचा गुच्छ' वगैरे लिहिलेलं वाचलं की मी सावध होतो.

म्हणून रकेफेतचे ठसे मोलाचे. तिथे परागाच्या पुढचा, फुला-देठाच्या आकाराचा पुरावा आहे.

उत्तरायण

मी कोपनहेगनला राहतो. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात एग्टवेदची मुलगी आहे. आईबाबा इथे आले की त्यांना सगळ्यात आधी तिथेच नेतो.

१९२१ मध्ये युटलंडमधल्या एग्टवेद गावाजवळच्या एका टेकाडात ही शवपेटी मिळाली. ओकचं अख्खं खोड पोखरून केलेली. खोडाच्या वार्षिक वलयांवरून झाड इसवी सनापूर्वी १३७० मध्ये तोडलं हे नक्की करता आलं. आत सोळा ते अठरा वर्षांची मुलगी. आम्लधर्मी पाण्यानं हाडं पार नाहीशी झालीत, पण केस, नखं, दात, लोकरीचा आखूड झबला आणि दोऱ्यांचा घागरा राहिलाय. पोटावर आवर्तांची नक्षी असलेली काशाची गोल चकती. पायापाशी बर्चच्या सालीचं भांडं, त्यात गहू, मध, बॉग मर्टल आणि रानबोरांपासून केलेल्या पेयाचा साका. सोबत पाच-सहा वर्षांच्या एका मुलाची जळालेली हाडं, पुरचुंडीत बांधून ठेवलेली.

आणि शवपेटीच्या काठावर यॅरोचं एक फूल. पराग नाही, फूलच. यॅरो इथे उन्हाळ्यात फुलतो, त्यामुळे तिला उन्हाळ्यात पुरलं हे सांगता येतं.

रानजाईताईंच्या कसोटीनं पाहिलं तर घट्ट बंद झाकण, वर दगडमातीचं टेकाड, आत उंदीर नाही की माशी नाही. फूल आत आलं ते झाकण लावायच्या आधीच. गंमत अशी की शनिदरच्या यादीतही यॅरोच्या गटातला पराग आहे. वनस्पती जवळपास तीच, पण एका ठिकाणी साक्ष टिकते आणि दुसऱ्या ठिकाणी टिकत नाही, आणि फरक पडतो तो फक्त झाकणाचा.

तरी एक फूल पाहून मी फार पुढे जात नाही. ते कुणी मुद्दाम ठेवलं की तिच्या अंगाखाली अंथरलेल्या चामड्याबरोबर आलं, असं कुणी विचारलं तर मी काठावरची त्याची जागा दाखवेन आणि थांबेन.

रानजाई

उत्तरायण, किती नेमकं लिहिलंत! हाच धागा पकडून स्कॉटलंडला जाते, कारण तिथे हा प्रश्न दोन टप्प्यांत सुटला.

फाइफमधल्या ॲशग्रोव्ह इथे १९६३ मध्ये कांस्ययुगाच्या सुरुवातीचं एक दगडी पेटीचं थडगं मिळालं. त्यात मेडोस्वीट या पांढऱ्या, सुगंधी फुलाचे आणि लिंडन झाडाचे पराग फार मोठ्या प्रमाणात होते. वाटलं, फुलं वाहिली. पण वनस्पतितज्ज्ञ जेम्स डिक्सन यांनी १९७८ मध्ये दाखवलं की लिंडन इतक्या उत्तरेला नैसर्गिकपणे वाढत नाही. मग त्याचे पराग कसे आले? मधातून! म्हणजे थडग्यात ठेवलेल्या पेल्यात मधाची दारू असावी, आणि ती सांडल्यावर पराग पसरले असावेत. त्यानंतर ब्रिटनमध्ये कुठल्याही थडग्यात मेडोस्वीट दिसलं की 'फूल की मद्य' हा वाद ठरलेलाच असे.

२००९ मध्ये पर्थशरमधल्या फोर्टेव्हिएट इथे ग्लासगो आणि ॲबर्डीन विद्यापीठांच्या चमूनं सुमारे चार टनांची शिळा उचलली. खाली चार हजार वर्षांपूर्वीची दगडी पेटी. शरीर विरघळून गेलेलं, पण सोन्याची पट्टी असलेला काशाचा खंजीर, बर्चची साल आणि मेडोस्वीटच्या फुलांचे तुरे, काळपट-तपकिरी गोळ्यांच्या रूपात शिल्लक. दारूतून पराग येतील, पण तुरे येत नाहीत. दोनच वर्षांनी इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या व्हाइटहॉर्स हिलवरच्या पेटीतही मेडोस्वीट मिळालं. तिथे तर एका तरुण व्यक्तीच्या अस्थी अस्वलाच्या कातड्यात गुंडाळून, अंबर मण्यांसह ठेवल्या होत्या.

ॲशग्रोव्हचा अर्थ मात्र अजूनही दोन्ही बाजूंनी लावता येतो, आणि मला ते योग्यच वाटतं. एका थडग्याचं उत्तर दुसऱ्याला परस्पर लावू नये.

आडवाट

इजिप्तचं नाव अजून कसं आलं नाही! फुलांच्या बाबतीत त्यांच्याइतकं भरभरून कुणीच ठेवलेलं नाही. कोरडी हवा असल्यानं पाकळीसुद्धा वाळून तशीच राहिली.

तुतनखामूनच्या सर्वांत आतल्या शवपेटीवर फुलांचा रुंद गळपट्टा होता. पपायरसच्या आधारावर ओळीनं शिवलेला: ऑलिव्ह आणि विलोची पानं, निळ्या कमळाच्या पाकळ्या, कॉर्नफ्लॉवरची फुलं, पर्सियाची फळं. आणि एका ओळीत लाल-केशरी बारीक फळं ओवलेली. ही फळं विथानिया सोम्निफेराची. म्हणजे आपला आस्कंद, अश्वगंधा! तीच फळं, जी आपल्याकडे माळावर पोपटीसारख्या कागदी टोपणात दिसतात. अश्वगंधा उत्तर आफ्रिकेतही मूळचीच आहे, त्यामुळे ती इथून तिथे गेली असं कृपया कुणी म्हणू नका. त्यांनी आपल्या आवारातलीच फळं वापरली.

वनस्पती ओळखायचं काम इजिप्ततज्ज्ञ पर्सी न्यूबेरींनी केलं. कॉर्नफ्लॉवर फुललेलं आणि काही फळं पिकलेली, हे एकत्र कधी होतं ते पाहून त्यांनी दफन मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत झालं असं सांगितलं. कोणत्याही शिलालेखात ती तारीख नाही, ती फुलांनी सांगितली.

याच राजाच्या अंत्यविधीतलं उरलंसुरलं सामान १९०७ मध्येच राजांच्या खोऱ्यातल्या एका लहान खड्ड्यात मिळालं होतं. मोठाल्या रांजणांत भरलेलं. त्यातही फुलांचे गळपट्टे होते आणि ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. हे गळपट्टे बहुधा अंत्यविधीच्या जेवणाला बसलेल्या माणसांनी घातले होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. फुलं मृताबरोबर जिवंतांच्याही गळ्यात होती.

आता भारताचा खरा संबंध. दुसरा रामसेस इसवी सनापूर्वी १२१३ मध्ये वारला. त्याची ममी १९७६ मध्ये पॅरिसला उपचारासाठी नेली तेव्हा नाकपुड्यांत काळ्या मिरीचे दाणे आढळले. मिरी मूळची आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाची, मलबारची. ते दाणे कोणत्या हातांतून, किती बंदरं करत गेले असतील? तेराव्या शतकात, ख्रिस्ताआधी! वनस्पती थडग्यात ठेवली म्हणून व्यापाराचा इतका जुना दुवा मिळाला.

वाचनमात्र

वाचतोय. एक शंका: हे सगळं भावनेनंच केलं असं का धरायचं? प्रेताला वास येतो. सेज, मेडोस्वीट दोन्ही सुगंधी. वास झाकायला पाला टाकला असेल.

रानजाई

चांगली शंका आहे, आणि अभ्यासकांनीही ती गंभीरपणे घेतलीय. उत्तर स्पेनमधल्या एल मिरॉन गुहेत १८,७०० वर्षांपूर्वीची एक स्त्री आहे, लाल गेरूमुळे 'रेड लेडी' म्हणून प्रसिद्ध. तिच्याभोवतीच्या मातीत चाकवताच्या कुळातल्या वनस्पतींचे पराग अचानक खूप वाढलेले दिसतात. या कुळातली फुलं अगदी बारीक, नजरेत न भरणारी. संशोधकांनी २०१५ मध्ये लिहिताना फुलं वाहिली असण्याची शक्यता तर मांडलीच, पण अन्न म्हणून, औषध म्हणून किंवा स्वच्छतेसाठी ठेवल्या असतील असंही मोकळेपणानं मांडलं.

पण वास आणि भावना यांत मी भिंत घालणार नाही. आपल्या माणसाच्या शरीराला वास येऊ नये म्हणून रानातून सुगंधी पाला आणणं, हे काळजीशिवाय होतं का? आपल्याकडे तिरडीजवळ उदबत्ती लावतात, चंदन ठेवतात. त्यामागचं एकच कारण सांगा म्हटलं तर घरातली दोन माणसं दोन कारणं सांगतील आणि दोन्ही खरी असतील.

उलट बाजूचं उदाहरण चीनच्या तुर्फानमधलं. तिथल्या जियायी दफनभूमीत साधारण २,४०० ते २,८०० वर्षांपूर्वीचा, पस्तिशीतला एक पुरुष आहे. त्याच्या छातीवर भांगेची तेरा जवळजवळ अख्खी झाडं तिरपी पांघरली होती. मुळं कमरेकडे, शेंडे चेहऱ्याकडे. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. फळं कच्ची होती, त्यावरून दफन उन्हाळ्याच्या अखेरीचं. इथे सुगंधापेक्षा त्या वनस्पतीचं समाजातलं स्थान बोलतं, असं मला वाटतं, कारण जवळच्याच यांगहाय दफनभूमीत एका माणसाजवळ ७८९ ग्रॅम भांग नीट भरून ठेवलेली मिळाली आहे.

शिरूरकर

घोड नदीकाठचं इनामगाव आमच्या तालुक्यातलं, म्हणून लिहायलाच हवं. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ असं दीर्घ उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी माणसं त्यात होती. ताम्रपाषाण युगातलं, जोर्वे संस्कृतीचं गाव. लहान मूल गेलं की दोन राखाडी घडे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यात मूल, आणि तो घडा घराच्या जमिनीतच पुरत. शेजारी वाडगे. मोठ्या माणसांना सरळ निजवून पुरत, पण घोट्याखालची पावलं तोडलेली. आणि एक वेगळंच दफन: चार पायांचा, न भाजलेल्या मातीचा मोठा रांजण, त्यात बसलेला साधारण चाळिशीचा पुरुष, पावलं शाबूत. तो गावचा प्रमुख असावा असं ढवळीकरांचं मत.

वनस्पतींबद्दल म्हणाल तर दायमाबादचं नाव घ्यावं लागतं. प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुका. काशाचा बैलरथ सापडला तेच. शां. अ. साळी यांनी १९७६ ते १९७९ मध्ये तिथे खणलं. उत्तर हडप्पा काळातलं एक थडगं मातीच्या विटांनी बांधून घेतलेलं होतं आणि त्यातल्या शरीरावर तंतुमय वनस्पतीचं आच्छादन असल्याच्या खुणा होत्या. हडप्पालाही पुरातत्त्वज्ञ व्हीलरना १९४६ मध्ये लाकडी शवपेटीत बोरूच्या चटईत गुंडाळलेलं शरीर मिळालं. झाकण देवदाराचं, बाजू शिसवीच्या. देवदार सुगंधी, आणि तो हिमालयातून आणावा लागतो.

फूल नसेल, पण चटई, बोरू, देवदार हेही वनस्पतीच आहेत. आपण थडग्यात रंगीत पाकळ्याच शोधत बसलो तर ही मेहनत नजरेआड होते. कुणीतरी नदीकाठी जाऊन बोरू कापला, वाळवला, विणला.

वैजू_सोलापूर

शिरूरकर काका, पाल्याच्या मेहनतीवरून सांगते. आमच्याकडे लिंगायतांत दफन असतं. माणसाला बसवतात, हातात इष्टलिंग असतं, आणि समाधीत विभूती आणि बेलाची पानं घालतात. आजोबांच्या वेळी गल्लीतली सगळी मुलं बेल तोडायला पाठवली होती. टोपल्याच्या टोपल्या बेल आला. मुसलमान शेजाऱ्यांच्या कबरस्तानात कबरीवर सब्जा लावलेला असतो, तो उन्हातही घमघमतो.

मला नेहमी वाटतं की अभ्यासकांनी हे आज चालू असलेले विधी नीट नोंदवून ठेवावेत. किती पानं, कुठल्या झाडाची, शरीराच्या कोणत्या भागाशी, कोण आणतं. म्हणजे जुन्या थडग्यात काही सापडलं तर तुलना करायला काहीतरी हाताशी राहील.

परागदर्शी

वैजूताई, हे फार मोलाचं बोललात. बेलाचं पान वाऱ्यानं उडून एखाद-दुसरं जाईल, पण तिथे पानांचा थर तयार होतो. पानांत सिलिकाचे सूक्ष्म कण असतील तर ते पान कुजल्यावरही मातीत राहतात. आपल्या मातीत पराग टिकत नाहीत तिथे हे कण कामी येतात.

आणि शिरूरकर काकांच्या घड्यांबद्दल: तोंडाला तोंड लावलेला घडा बंद वाटला तरी शेकडो पावसाळ्यांत सांध्यातून गाळ आत जातोच. त्यामुळे वरच्या मातीचा उपयोग नाही. तळाला, हाडांच्या खाली चिकटलेली माती तेवढी महत्त्वाची.

मृगनक्षत्र

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे, नागपूरकडची. आमच्या भागात माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे महापाषाणीय शिळावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती रचलेली मोठ्या दगडांची वर्तुळं, आहेत. घोड्यांचे अलंकार, लोखंडी हत्यारं यांच्यावर खूप लिहिलं गेलंय. पुढे प्रत्यक्ष उत्खननावर जायची संधी मिळाली तर फुला-पानांच्या दृष्टीनं काय करता येईल? काळ्या मातीत काही आशा आहे का?

परागदर्शी

आशा आहे, पण काळ्या मातीचा स्वभाव ओळखून. ती उन्हाळ्यात खोल भेगाळते आणि वरचा कचरा, बिया, पराग थेट खाली पडतात. पावसात ती फुगून भेग मिटते आणि वरून काही कळत नाही. शनिदरला उंदीर आणि माशी होती, तुमच्याकडे ते काम भेगाच करतात. त्यात ही माती अल्कधर्मी, म्हणजे परागांना प्रतिकूल.

म्हणून सुट्या मातीपेक्षा वस्तूंना चिकटलेल्या मातीकडे बघा. तांब्याची वस्तू असेल तर तिच्याभोवती तांब्याचे क्षार जिवाणूंना मारतात आणि कापडाचा धागा, गवताची काडी, चामडं तिथेच तग धरतं. लोखंडाच्या गंजात तर वनस्पतीचा आकार जसाच्या तसा बसतो. त्यामुळे मिळालेली कट्यार किंवा घोड्याचा अलंकार लगेच घासूनपुसून साफ करू देऊ नका. आधी भिंगाखाली बघा, फोटो काढा. भांडी पालथी मिळाली तर आतली माती वेगळी ठेवा. जळालेले दाणे आणि बिया यांच्यासाठी माती पाण्यात तरंगवून गाळा.

आणखी एक काळजी. बऱ्याच शिळावर्तुळांपाशी आजही लोक शेंदूर लावतात, हार घालतात. हारातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा, युरोपीय जहाजांनंतर आपल्याकडे आलेला. महापाषाणीय थरात झेंडूची पाकळी किंवा बी दिसली तर ती भेगेतूनच आली असं समजा, आणि मग त्याच थरातल्या बाकीच्या फुलांवरही शंका घ्या. असा परका पाहुणा सापडणं चांगलंच, वरून किती मिसळलंय ते त्यानं कळतं.

थडग्यातल्या प्रत्येक नमुन्याला वर्तुळाबाहेरच्या त्याच खोलीच्या नमुन्याची जोड घ्या. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत आणि डेक्कन कॉलेजात या कामाची परंपरा आहे, सुरुवातीलाच तिथे विचारा, खणून झाल्यावर नको. आणि माती भराल त्या दिवशी आसपासच्या शेतात, बांधावर काय काय फुललंय ते वहीत लिहून ठेवा. नमुना आमच्याकडे आला की आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो.

मृगनक्षत्र

खूप आभार, सगळं उतरवून घेतलं. झेंडूचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. वैजूताई, बेलाच्या नोंदींबद्दल तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते. माझ्या प्रबंधात आजच्या विधींवर एक प्रकरण घ्यायचा विचार आहे.

वैजू_सोलापूर

जरूर पाठव. आमच्या मठातल्या स्वामींशी बोलून ठेवते. आईलाही विचारते, बेल कोणत्या मळ्यातून आणायचा ते ठरलेलं होतं एवढं मला आठवतं. तिला नक्की माहीत असेल.